मिकी तिथे गंमत म्हणून नव्हता
वॉशिंग्टन पोस्ट या अमेरिकन वृत्तपत्राने आपली तेव्हाची व्यंगचित्रकार अ‍ॅन टेलनेसचं जे कार्टून नाकारलं त्याबद्दल वर कुणीतरी लिहिलंय की बेझोस, झुकरबर्ग पैशाच्या पिशव्या घेऊन ट्रम्पच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकतात ते ठीक, पण मिकी माऊस उगाच गंमत म्हणून घुसवलाय. हे अजिबात पटत नाही. मिकी ज्या डिस्नेचा, त्याच डिस्नेचं एबीसी हे अमेरिकन चॅनेल आहे आणि त्याच एबीसीने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्पने लावलेल्या बदनामीच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली, टेलनेसने राजीनामा दिला तो लगेच जानेवारीत, म्हणजे मिकी आडवा पडलेला दाखवणं ही सरळसरळ बातमीच होती. पुढे जुलै २०२५ मध्ये पॅरामाउंटने (सीबीएस चॅनेलची तेव्हाची मालक कंपनी) पण ट्रम्पचा दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला आणि त्याच महिन्यात तिच्या स्कायडान्स या चित्रपट कंपनीबरोबरच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी आली, तेव्हा मला तर ते चित्रच परत आठवलं.

आणि 'आजकालचे कार्टूनिस्ट जास्तच भडक झालेत' असं जे म्हणताय त्यांनी १८८९ चं पक या अमेरिकन विनोदी साप्ताहिकातलं जोसेफ केपलरचं चित्र नक्की बघा. अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोटाच्या जागी पैशाची थैली असलेले अवाढव्य ट्रस्टवाले (म्हणजे मक्तेदार उद्योगसमूह) मागे उभे, पुढे बिचारे एवढेसे सिनेटर, आणि वर कोपऱ्यात लोकांसाठीचा दरवाजा कडी लावून बंद! मला सगळ्यात जास्त तो दरवाजाच मनाला लागतो, कारण तेव्हा सिनेटर थेट लोक निवडतच नव्हते, तो हक्क १९१३ मध्ये मिळाला.