जुन्या व्यंगचित्रातला विमानवाला उमेदवार कोण?

पंचकार्ड: नमस्कार मंडळी. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायची, भोकांची कार्डं पाडली, त्यामुळे चित्र दिसलं की आधी रेघा मोजायची खोड. परवा मंगळवार बाजारात भंगारात एक फ्रेम दिसली. दीडशे सांगितले, ऐंशीत दिली. आत अमेरिकन मासिकाचं रंगीत पान. खालची ओळ वाळवीनं खाल्लीय. एकावर एक पंख असलेलं विमान, त्यात टक्कल पडत आलेले एक गृहस्थ, मिशी नाही. शेपटीला गाढव लोंबतंय. पंखाखाली पोतं, त्यावर इंग्रजीत ‘१६ ला १’. आमचा पोरगा म्हणतो, हा टाफ्ट, अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिलेला. मला पटत नाही. आणि तो आकडा काय ओ? मला तर सुताचा काउंटच, म्हणजे जाडीचा नंबरच आठवला!

जुनंपान: टाफ्ट नव्हेच. त्यांना भरघोस मिशा होत्या, वजन दीडशे किलोच्या घरात आणि त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह हत्ती. गाढव डेमोक्रॅटांचं. हे त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन. सोळा औंस चांदी बरोबर एक औंस सोनं, या दरानं चांदीची नाणी मुक्तपणे पाडा, अशी त्यांची मागणी. पैसा वाढला की शेतमालाला भाव येईल, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं ओझं हलकं होईल, हा हिशेब. निवडणूक १८९६ची, म्हणजे चित्रही तेव्हाचंच.

पंचकार्ड: १८९६ला विमान कुठलं? राइट बंधू उडाले डिसेंबर १९०३ला, तेही पहिल्या खेपेला बारा सेकंद!

होटगीरोडकर: काकांनी बरोबर पकडलं. ब्रायन तीनदा उभे राहिले, १८९६, १९०० आणि १९०८. तिन्ही वेळा पडले. आणि राइटांची विमानं लोकांनी डोळे भरून पाहिली ती १९०८लाच. ऑगस्टमध्ये विल्बर फ्रान्सात ल मांजवळ उडाला, सप्टेंबरात ऑर्व्हिल अमेरिकेत फोर्ट मायरला. तिथंच १७ सप्टेंबरला विमान कोसळलं, सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले. मतदान ३ नोव्हेंबरला. उडेल की पडेल, हाच प्रश्न विमानाचाही आणि उमेदवाराचाही! चांदीचा मुद्दा ब्रायननी तोवर बाजूला ठेवला होता, पण व्यंगचित्रकार जुनं पोतं इतक्या सहज सोडतोय होय? शेवटी त्यांच्याविरुद्ध उभ्या टाफ्टना ३२१ मतं, ब्रायनना १६२. ही इलेक्टोरल कॉलेजची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची.

बाकी निवडणुकीत विमान हा विषय सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. विमानतळापायी २०२३ला साखर कारखान्याची चिमणी पाडताना आख्खं गाव गच्चीवर होतं.

पंचकार्ड: भिंग लावून परत बघितलं. वरच्या पंखाला तीन ठिगळं आहेत. मला आधी ते वाळवीचे डाग वाटले होते. एकावर ९६, दुसऱ्यावर दोन शून्यं. तिसरं ताजं, अजून टाके पडायचेत. १९०८च बे! पोराकडून चहा वसूल केलाय.