चर्चा: एका पिंजऱ्याच्या पैशात मच्छीमार संस्थांचे कारभारी तयार करावेत का?

भीमाकाठ (टेंभुर्णी)

उजनीकाठच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रस्ताव पाहिले तर जवळपास सगळे वस्तूंचे असतात. पिंजरे (पाण्यात तरंगत्या जाळीत मासे वाढवायचे), होड्या, जाळी, बर्फपेटीची मोटरसायकल. त्या वस्तू चालवणाऱ्या माणसांसाठी त्यात एक ओळही नसते. माझं म्हणणं असं की करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यातल्या संस्थांनी मिळून दरवर्षी एका पिंजऱ्याइतका पैसा कारभारी घडवण्यावर खर्च करावा.

हिशेब मांडतो. 25 जण, महिन्यातून दोन दिवस, सहा महिने, म्हणजे एकूण 12 दिवस. जाळं सोडून यायचं म्हणजे रोज बुडणार, तो भरून द्यायलाच हवा. 600 रुपये धरले तर 1 लाख 80 हजार. जेवण आणि येणं-जाणं माणशी 250 प्रमाणे 75 हजार. शिकवणाऱ्याला दिवसाला 5 हजार, म्हणजे 60 हजार. बेरीज 3 लाख 15 हजार. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा खर्च 3 लाख धरला आहे.

शिकवायचं काय? बीज (सोडायची माशांची पिल्लं) मोजून घेणं, धरणाच्या पाण्याचा तक्ता वाचणं, अडत्याची पट्टी (विक्रीची पावती) तपासणं, ठराव लिहिणं, बँकेला पटेल असा खेळत्या भांडवलाचा अंदाज काढणं, विम्याचा दावा वेळेत लावणं. भाषण कसं करावं हे नको.

जाळंकरी (कंदर)

विरोध आहे आणि सरळ सांगतो. शिबिर झालं की हार, नारळ, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच अडत्याकडं जातो, कारण जाळ्यासाठी उचल त्यानंच दिलेली असते. उचल डोक्यावर असताना पट्टी वाचता आली काय आणि न आली काय? भाव त्याचाच.

आधी पाण्यात मासा पाहिजे. कटला, रोहू, मृगळ कमी आणि चिलापीच (तिलापिया) जास्त असा आज जाळ्यातला माल आहे. त्यात सकर मासा. त्याचे काटे जाळं फाडतात, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. बारीक आसाची (छिद्रांची) वडाप जाळी रात्री ओढली जातात, वीतभर व्हायच्या आत पिल्लं निघून जातात. हे थांबवायला गस्तीची होडी, डिझेल आणि कारवाई लागते. 3 लाखांत बीज सोडा, गस्त घाला. पुढारी आपोआप तयार होतात, पोटाला मिळालं की.

भीमाकाठ (टेंभुर्णी)

दादा, बीज सोडण्याचंच घ्या. 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ठरलेली असते आणि पिशवीतून निघतं 30-40 मिलिमीटरचं. एवढं बारीक बीज मोठ्या जलाशयात म्हणजे चिलापीचा आणि शिकारी माशांचा खुराक. टेम्पो आला की पंच म्हणून सही करणारा संस्थेचाच माणूस असतो. त्यानं काय करायचं ते अवघड नाही. पाच-सहा पिशव्या आपण निवडायच्या, पुरवठादारानं पुढं केलेल्या नव्हेत. एका पिशवीतलं बीज बारीक जाळीच्या वाटीनं मोजायचं: तीन वाट्या पूर्ण मोजून सरासरी काढायची आणि वाट्यांच्या संख्येनं गुणायचं. वीस-पंचवीस नग फूटपट्टीवर धरून लांबी लिहायची. कमी भरलं तर पंचनाम्यात तसंच लिहून मग सही. पिशव्या न उघडता 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायच्या, आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की सोडायच्या. भर दुपारी नाही, आणि धरणाच्या दरवाजांजवळ तर मुळीच नाही.

हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात तुमचे 3 लाख बीजासाठी दिले तर त्यातलं किती जगेल?

हिशेबनीस (सोलापूर)

दोघांनाही एक आठवण. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 24-अ. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांचं सहकार शिक्षण संस्थेनं करायचं आहे, आणि समितीच्या सदस्यांनाही ते घ्यावंच लागतं. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर 2013 मध्ये हे कलम आलं. म्हणजे प्रशिक्षण द्यावं का, हा प्रश्नच राहिलेला नाही. ते कागदावर उरकायचं की खरं द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

मच्छीमार संस्था अडतात त्या साध्या जागी. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होत नाही, लेखापरीक्षणातल्या त्रुटींचा दोष-दुरुस्ती अहवाल जात नाही, सभासद यादीत मयतांची नावं तशीच राहतात. मग बँक किंवा एनसीडीसी (राष्ट्रीय सहकार विकास निगम) दारात उभी करत नाही. अनुदान बहुतेक वेळा मागाहून मिळतं, आधी खर्च करावा लागतो. आधीचा पैसा उभा करण्याची पत संस्थेकडं नसेल तर मंजूर झालेला प्रस्तावही परत जातो.

पिंजरा-मत (इंदापूर)

पिंजऱ्यांवर इतका राग का? नदी-जलाशयाची मासेमारी पावसावर आणि पुण्याच्या सांडपाण्यावर अवलंबून आहे. पिंजऱ्यात निदान उत्पादन आपल्या हातात असतं. 6 बाय 4 मीटरचा, 4 मीटर खोल पिंजरा, म्हणजे 96 घनमीटर. नीट सांभाळला तर एका पिकाला 3 टन मासा. रोजगार तयार होतो आणि तरुण पोरं गावात राहतात. उद्योग उभा राहिला तर नेतृत्व उभं राहील. कारखाने उभे राहिले, त्यातून माणसं पुढं आली, हे सोलापूर जिल्ह्यानं पाहिलंय.

भीमाकाठ (टेंभुर्णी)

राग नाही, पण पुढचा हिशेब कुणी करत नाही. 20 पिंजरे म्हणजे 60 लाख. 40 टक्के अनुदान धरलं तर 24 लाख सरकारचे, 36 लाख संस्थेचे. आता खाद्य. 3 टन माशाला दीडपट म्हणजे साडेचार टन खाद्य. 40 रुपये किलो धरलं तरी एका पिंजऱ्याला 1 लाख 80 हजार, वीस पिंजऱ्यांना पुन्हा 36 लाख, आणि हे प्रत्येक पिकाला. अनुदान पिंजऱ्याला मिळतं, दर पिकाच्या खाद्याला नाही. पहिलं पीक पुरवलेल्या खाद्यावर निघतं, दुसऱ्याला पैसे नसतात, मग पिंजरा ज्याच्याकडं भांडवल आहे त्याला चालवायला दिला जातो. संस्थेचं नाव फलकावर राहतं आणि सभासद तिथं मजूर होतो.

दुसरं पाण्याचं. उजनीत 117 टीएमसीपैकी 63.66 मृतसाठा आणि 53.57 उपयुक्त. धरण उणे 50 टक्क्यांवर गेलं म्हणजे मृतसाठ्यातलेही जवळपास 27 टीएमसी गेले, खाली 37 च्या आसपास उरले. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेलं होतं. ऑक्टोबरात भरल्या धरणात जागा निवडली तर मे महिन्यात पिंजऱ्याचं बूड गाळाला टेकतं. खालचा विष्ठा-खाद्याचा थर ढवळतो, प्राणवायू संपतो आणि पहाटे मासा वर येऊन तोंड उघडतो. जाळीच्या तळाखाली मे अखेरीलाही दोन-तीन मीटर पाणी हवं, म्हणजे त्या जागी किमान सहा-सात मीटर खोली. ती जागा नकाशावर शोधता येणं आणि अधिकाऱ्याला "इथं नको" म्हणता येणं, मी त्यालाच नेतृत्व म्हणतोय.

मासळीबाजार ताई (सोलापूर)

चर्चा होडी आणि पिंजऱ्यावरच फिरतेय. मासा विकणारी कोण? शहरातल्या बाजारात टोपलीमागं बसणाऱ्या बहुतेक बायाच. संस्थेच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्या सह्यांपुरत्या असतात. योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे म्हणून प्रस्ताव बाईच्या नावानं आणि पासबुक दुसऱ्याच्या खिशात. 25 जणांची यादी करणार असाल तर त्यात विकणाऱ्या बाया किती, हे आधी लिहा. आणि वर्ग दुपारी 2 नंतर ठेवा. सकाळी लिलाव, मग विक्री. 10 वाजता बोलावलंत तर एकही येणार नाही.

बर्फाचंही सांगते. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर असतो. किलो माशाला किलो बर्फ हा नियम आहे. प्रत्यक्षात वर चार तुकडे टाकून गोणपाट ओलं करतात. पेटीच्या तळाला बर्फ, मग माशाचा थर, मग बर्फ, वितळलेलं पाणी निघायला भोक, आणि मोठ्या माशाचं पोट साफ केलेलं. एवढं पाळलं तर संध्याकाळचा मासा सकाळपेक्षा निम्म्या भावात द्यावा लागत नाही.

जाळंकरी (कंदर)

ताई, तुमच्या बोलण्यातच माझं उत्तर आहे. बर्फ पाहिजे. भिगवणचा बाजार पलीकडं, आमच्या काठावरून मासा पोचेपर्यंत ऊन चढतं. काठावर बर्फाचा कारखाना द्या, वर्ग नंतर घ्या.

हिशेबनीस (सोलापूर)

10 टनांच्या बर्फ कारखान्याला योजनेत 40 लाख धरले आहेत. रोज 10 टन बर्फ खपायला तेवढाच मासा एका काठाला रोज लागेल. खप 2-3 टनांवर राहिला तरी वीजबिलातला स्थिर आकार, चालक आणि अमोनियाची देखभाल सुटत नाही. असा कारखाना दोन वर्षांत बंद पडतो. त्यापेक्षा टेंभुर्णी किंवा भिगवणवरून लाद्या आणायचा संस्थेचा एकत्र करार, काठावर जाड पेट्या आणि 75 हजारांच्या बर्फपेटीच्या मोटरसायकली. पण चार संस्थांनी एकत्र करार करायचा म्हणजे चार अध्यक्षांनी एका टेबलाला बसायचं. गाडी तिथं अडते.

नदीचं पाणी (मोहोळ)

पैसा कुठून आणायचा यावर कुणी बोललं नाही. ऑस्ट्रेलियात 1991 पासून मत्स्य संशोधन आणि विकासाचं एक महामंडळ आहे. उत्पादनमूल्याच्या अर्धा टक्का सरकार देतं. शिवाय उद्योग स्वतः पाव टक्क्यापर्यंत जे घालतो, त्याला सरकार तेवढीच जोड देतं. संशोधनाबरोबर मासेमारीतल्या माणसांचं नेतृत्व प्रशिक्षणही याच पैशातून चालतं. पैसा मच्छीमाराचा असल्यानं काय शिकवायचं हे विचारायचा हक्कही त्याचाच.

इथं पाव टक्का म्हणजे किती? एका बाजारात रोज एक टन मासळी, सरासरी 120 रुपये किलो: दिवसाचे 1 लाख 20 हजार, पाव टक्का 300 रुपये. 250 दिवसांचे 75 हजार. अशा चार टनांवर वर्ग जवळपास निघतो, कुणाच्या अनुदानाची वाट न बघता.

जाळंकरी (कंदर)

मालक, तिकडं प्रत्येक किलोची नोंद होते. इथं निम्मा मासा पट्टीशिवाय जातो. पाव टक्का कापणार कोण? अडत्याच. म्हणजे आधीच अडत, वर हमाली, वर "घट" म्हणून किलोमागं काढलेलं वजन, आणि आता प्रशिक्षण. चौथी कपात. परवानगी देणार नाही कुणी. कापायचंच असेल तर अडतीतनं कापा.

नदीचं पाणी (मोहोळ)

हा मुद्दा खरा आहे, मान्य. मग पहिलं काम म्हणजे छापील पट्टी आणि इलेक्ट्रॉनिक काटा. वजन, भाव, अडत, उचलीची कपात वेगवेगळ्या रकान्यांत. सहा महिन्यांच्या पट्ट्या हातात असल्या तर आणखी एक दार उघडतं: मत्स्य व्यवसायाला किसान क्रेडिट कार्ड. 2 लाखांपर्यंत, वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. उलाढालीचा पुरावा नाही म्हणून बँक परत पाठवते. तो पुरावा म्हणजे पट्टी. तुमची अडत्याची उचल सोडवायला दुसरा उपाय मला दिसत नाही.

शेततळं (सांगोला)

उजनीबाहेरही जिल्हा आहे. डाळिंब-द्राक्षांसाठी प्लास्टिक अस्तराची शेततळी हजारोंनी खोदली, त्यात मासा घालायचा सल्ला सगळे देतात. मासा एप्रिल-मे मध्ये वाढीवर असतो आणि नेमकं तेव्हाच बागेला पाणी लागतं. दीड मीटरच्या खाली पातळी गेली की पाणी तापतं. शेजारच्या बागेतली फवारणी वाऱ्यानं उडून तळ्यात पडते, आणि कीटकनाशकांना मासा फार नाजूक. बायोफ्लॉकचं (टाकीत सतत हवा सोडून मासे वाढवायची पद्धत) तर विचारूच नका. साडेसात लाखांचा सात टाक्यांचा संच आणि रात्रीची वीज गेली की तासा-दोन तासात मेल्या माशांनी टाकी पांढरी. जनित्राचा खर्च प्रस्तावात कुठंच नव्हता. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्याला विचारायचं काय ते ठाऊक नव्हतं. म्हणून माझा कल प्रशिक्षणाकडं, पण आमच्यासाठी वेगळा वर्ग लागेल, जलाशयाचा नव्हे.

जाळंकरी (कंदर)

पुण्याच्या सांडपाण्याचं काय? कितीही शिकलेला कारभारी मुळा-मुठेचं पाणी अडवणार आहे का?

नदीचं पाणी (मोहोळ)

अडवणार नाही. पण मासा मेला की दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं बोलावतात, तोवर पुरावा वाहून गेलेला असतो. सूर्योदयाआधी काचेच्या झाकणाच्या बाटलीत बुडबुडा न येता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड जागेवरच घालून प्राणवायू बांधून टाकायचा. नाहीतर प्रयोगशाळेतल्या आकड्याला अर्थ नाही. तडफडणारा मासा बर्फात, सडलेला नको. वेळ, ठिकाण, फोटो. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी. प्रत्येक काठावर असं करणारे दोघं असले तर दोन-तीन वर्षांत एक नोंदवही तयार होईल, आणि ती घेऊन हरित लवादापुढं उभं राहता येईल.

जाळंकरी (कंदर)

ठीक. तीन अटी घालतो. एक, अध्यक्ष आणि त्यांची पोरं यादीत नकोत. नावं काठावरच्या सभेत ठरवा. दोन, ताई म्हणतात तसं किमान आठ बाया. तीन, वर्ग हॉटेलात नको, लिलावाच्या ओट्यावर घ्या, आणि पहिल्याच दिवशी अपघात विम्याचा अर्ज भरून दाखवा. मृत्यूला 5 लाख मिळतात, पण नाव नोंदलेलं नसतं आणि शवविच्छेदनाचा कागद घेतलेला नसतो, म्हणून घरं तशीच राहतात. एवढं झालं तर पहिल्या वर्षी विरोध करणार नाही. पिंजऱ्याबद्दल मात्र माझं मत आहे तेच: 20 नको, 4 घ्या, आणि उरलेल्या पैशाचं खाद्य.

पिंजरा-मत (इंदापूर)

4 पिंजऱ्यांत महिन्याच्या खाद्याचा ट्रकही भरत नाही, वाहतूकच परवडणार नाही. किमान 10. बाकीच्या अटी मान्य.