गणपतीसाठी गावी जाताना घरातल्या कासवाची व्यवस्था कशी करावी?

कोथरूडकर_मीरा:

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे लाल कानाचे, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर जातीचे, पूर्ण वाढ झालेले मादी कासव आहे. कवचाची लांबी सुमारे २२ सेंमी असून काचेच्या मोठ्या टाकीत फिल्टर, पाण्याचा हीटर, शेकण्यासाठी दिवा आणि यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण देणारी नळी अशी सर्व व्यवस्था आहे. यंदा गणपतीला आम्ही सर्वजण गुहागरजवळच्या गावी सुमारे दोन आठवडे जाणार आहोत आणि तेवढ्या काळात तिची देखभाल कोणी व कशी करावी, हा प्रश्न आहे.

शेजारच्या काकू रोज येऊन पाहायला आनंदाने तयार आहेत. मात्र त्या शाकाहारी आहेत आणि सणाच्या दिवसांत सुकटीला हात लावणार नाहीत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा पर्याय म्हणून घरी स्वयंचलित फीडर लावावा का? माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे, की तिला सोबत घेऊन यावे आणि आपल्या विहिरीत सोडावे, कारण पूर्वी पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची पद्धत होतीच. मला हे पटत नाही, पण त्यांना नीट कारणे सांगता यावीत, अशी इच्छा आहे. ज्यांनी अशी व्यवस्था केली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जलचर_नाशिक:

मीराताई, आधी विहिरीविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत दुमत असण्याचे कारण नाही. तुमचे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. या जातीला पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण कोरडे करून शेकावे लागते. बांधीव विहिरीत तशी जागा नसते, ऊन तळापर्यंत जेमतेम पोहोचते आणि सतत ओले राहिल्याने कवच व त्वचा सडू लागते. शिवाय कोकणातल्या पावसात विहीर काठोकाठ भरली, की कासव बाहेर पडून ओढ्याला लागण्याची शक्यता खरीच असते. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक परकीय प्रजातींच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत या जातीचे नाव आहे, कारण ती स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि शेकण्याच्या जागांवर कब्जा करते. पूर्वी विहिरीत सोडली जाणारी कासवे इथलीच होती, तुमची ती नव्हे, एवढे सासऱ्यांना सांगितले तर बहुधा त्यांना पटेल. आणि आता तीही पद्धत चालणार नाही. भारतीय कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ती पकडता किंवा पाळता येत नाहीत.

आता घरच्या व्यवस्थेविषयी. आपल्या अनुपस्थितीत कासव उपाशी राहील ही भीती सर्वांनाच वाटते, पण प्रत्यक्षात धोका उलट दिशेने येतो. पूर्ण वाढलेल्या निरोगी स्लायडरला आठवड्यातून दोन-तीन वेळाच पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या कोरड्या गोळ्या, पुरतात आणि काही दिवस काहीच मिळाले नाही तरी तिचे बिघडत नाही. पण काळजी घेणारी व्यक्ती टाकीजवळ आली, की कासव काचेवर पाय मारत वर येते, मान ताणून पाहत राहते, आणि समोरच्याला वाटते, बिचारीला भूक लागली आहे. मग रोज मूठभर खाणे पडते, उरलेले तळाशी कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि दोन आठवड्यांत फिल्टरचा दम निघतो. म्हणून काकूंच्या हाती डबा देऊ नका. कासवाच्या डोक्याएवढे एका वेळचे खाणे, असा अंदाज धरून लहान कागदी पुड्या बांधा, त्यांवर वार लिहा आणि डबा कपाटात ठेवून द्या.

सुकटीची गरज मुळीच नाही. या वयात आहारात पालाच जास्त असावा. जास्वंदाची कोवळी पाने, किसलेले गाजर, लाल भोपळ्याचा लहान तुकडा हे काकू सहज देऊ शकतील. अळूची पाने मात्र चुकूनही देऊ नयेत, त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, आणि गणपतीच्या दिवसांत अळू घरोघरी असते, म्हणून आठवण करून देतो. पालकही वगळा. तसेच पेलेट्समध्ये माशांचे पीठ असते, हे काकूंना आधीच सांगावे. त्यांना ते चालणार नसेल तर दोन आठवडे केवळ पाला दिला तरी पुरेल.

डोंबिवलीची_अनघा:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फीडरबाबत माझे मत प्रतिकूल आहे. भाद्रपदातल्या दमट हवेत, त्यातही टाकीच्या वाफेवर, पेलेट्स ओलावा धरून फुगतात आणि एकमेकांना चिकटतात, मग यंत्र एक तर अडकते किंवा एकदम ढीग टाकते. माणूस येणार असताना यंत्राची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

माझ्या अनुभवाने खरी नजर खाण्यापेक्षा यंत्रांवर हवी. शेकण्याची जागा ३२ ते ३५ अंश आणि पाणी २४ ते २७ अंश राहायला हवे, आणि दिवे रोज दहा-बारा तास टायमरवर चालू-बंद व्हावेत, म्हणजे काकूंना बटणे लक्षात ठेवावी लागणार नाहीत. वीज गेली आणि परत आली, की काही टायमरचे घड्याळ मागे पडते, तर काही फिल्टर पुन्हा पाणी ओढतच नाहीत, नुसते गुरगुरत राहतात. म्हणून फिल्टरच्या तोंडातून पाणी पडते आहे की नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे, आवाजावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. काचेवर बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा आणि पाणी तिच्याखाली गेले तर आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी ओतायला सांगा. हीटरचा भाग पाण्याबाहेर उघडा पडून तापला, की त्यावर गार पाणी पडताच काच तडकते, म्हणून पाणी ओतण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करायला सांगावे. फिल्टर काकूंनी उघडूच नये. तो तुम्ही निघण्याच्या तीन-चार दिवस आधी, टाकीतल्याच पाण्यात विसळून ठेवावा. निघायच्या दिवशी सगळी टाकी घासून काढण्याचा मोह टाळा, कारण त्यातले उपयोगी जिवाणू धुतले जातात आणि नेमके तुम्ही नसताना पाणी गढूळ होते.

प्राण्यांच्या दुकानात ठेवण्याचा पर्याय कोणी सुचवला तर टाकी स्वतंत्र आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. अनोळखी कासवांसोबत एका पाण्यात ठेवल्यास चावाचावी होते आणि आजार घरी येतो.

कोथरूडकर_मीरा:

आपणा दोघांचे मनापासून आभार. सासऱ्यांना मी आज संध्याकाळीच विहिरीची अडचण समजावून सांगितली. इथल्या कासवांचे नुकसान होईल हे ऐकल्यावर त्यांनीच तो विषय सोडला. एक शंका उरते. काकूंच्या घरी तीन वर्षांची नात येणार आहे आणि तिला कासव फार आवडते. तिला हाताळू द्यावे का? आणि कासव आजारी आहे, हे काकूंनी कशावरून ओळखावे?

पशुवैद्यक_सातारा:

पाच वर्षांखालील मुलांना कासव हाताळू देऊ नये. ते पूर्णपणे निरोगी दिसत असतानाही त्याच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्याची बाधा गंभीर होते. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. नातीला काचेबाहेरून पाहू द्यावे. काकूंनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे भांडे किंवा बादली स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नये, विशेषतः घरात नैवेद्याचा स्वयंपाक चालू असताना.

एक-दोन दिवस खाल्ले नाही, म्हणून धावपळ करू नये. नवीन माणूस पाहून असे होते. पण नाकपुडीतून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, पोहताना एका बाजूला कलणे, डोळे सुजून मिटलेले राहणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. न्यायचे ते पाण्यात नव्हे, तर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात, तळाशी ओला पंचा घालून. कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर कासवे तपासत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः फोन करून कोण पाहतात आणि सणाच्या दिवसांत दवाखाना उघडा असतो का, हे विचारून घ्यावे. खोके, डॉक्टरांचा क्रमांक, थोडे पैसे आणि उपचाराला तुमची संमती असल्याची सही केलेली चिठ्ठी टाकीशेजारीच ठेवावी, कारण गावात फोनची रेंज नसेल तर काकूंना तुमच्या होकारासाठी थांबावे लागू नये.