म्हाकुळातलं कॅडमिअम

‘थंड समुद्राच्या आसपास कारखाने नाहीत, मग तिथल्या म्हाकुळात (स्क्विडमध्ये) कॅडमिअम हा विषारी धातू येईल कुठून’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. समुद्रात कॅडमिअम फॉस्फेट या पोषकद्रव्याच्याच वाटेनं फिरतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, ते वरच्या पाण्यात शोषतात, मेले की खाली बुडतात, आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात खोल पाणी वर आलं की तेही परत वर येतं. म्हणून तर वस्तीपासून इतक्या दूर हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या केर्गेलेन बेटांजवळच्या ऑक्टोपसांतही, म्हणजे म्हाकुळाच्या भाऊबंदांतही, ते भरपूर सापडलंय. पण साठतं ते मुख्यतः पचनग्रंथीत. मांसात फार कमी. पाऱ्याचं तसं नाही, तो मांसातही उतरतो.

सोलापुरात आमच्याकडे बहुतेक उजनीचेच मासे, म्हाकूळ बर्फातलं, तेही कधीतरी. परवा साफ करताना डोकं हळूच ओढलं, तर शाईच्या पिशवीसोबत लांबट तपकिरी ग्रंथी अख्खी बाहेर आली. मागच्या वेळी घाईत ती फुटून रस सगळ्या मांसाला लागला होता. अख्खं म्हाकूळ तळणार असाल तरी ती आधी काढाच, शिजवून धातू जात नाही. युरोपातली किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादासुद्धा पोटातलं सगळं काढलेल्या म्हाकुळालाच लागू आहे.