पाण्याखाली लग्नाची मागणी घालायची आहे: अंगठी, खोली, वेळ यांचं काय?

निळाशार:
आम्ही दोघं उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर सुट्टीला जातोय. माझा ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स) झालाय. मैत्रिणीची ही पहिलीच डाइव्ह आणि तिला पोहता येत नाही, म्हणून ट्राय डाइव्ह, म्हणजे नवख्यांसाठीची प्रशिक्षकासोबतची डाइव्ह, घेणार आहोत. पाण्याखालीच अंगठी काढून तिला मागणी घालायचा विचार आहे, तिला अजून पत्ता नाही. किती खोलीवर विचारावं, अंगठी कशी न्यावी, कोणती वेळ बरी? संध्याकाळी हेलिकॉप्टरमधून बेटाची चक्करही मारायची आहे.

दर्यावर्दी:
आधी हेलिकॉप्टर. ती चक्कर डाइव्हच्या आदल्या दिवशी उरकून घ्या. डाइव्हमध्ये दाबाखाली नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो निघून जायला वेळ लागतो. तेवढ्यात उंचीवर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि सांध्यांत, रक्तात बुडबुडे धरू शकतात. एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. परतीचं विमानही याच हिशोबाने ठरवा.

आता अंगठी. मखमली डबी अजिबात नेऊ नका. तिच्यात हवा असते, त्यामुळे हातातून सुटली की वर तरंगत जाते. घट्ट बंद होणारी डबी असेल तर बाहेरच्या दाबाने झाकण असं बसतं की बोटांनी उघडत नाही. अंगठीला वीतभर मजबूत दोरी बांधा, दोरीचं दुसरं टोक छोट्या हुकने बीसीडीच्या (हवा भरता येणाऱ्या डाइव्ह-जाकिटाच्या) कडीत अडकवा आणि अंगठी चेन असलेल्या खिशात ठेवा. अंगठी बोटात जाऊन तुम्ही पाण्याबाहेर येईपर्यंत दोरी सोडायची नाही.

अंगठ्या पडतात त्याची दोन कारणं. मास्कमधून वस्तू साधारण एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे हात पुढे केला की अंदाज चुकतो. शिवाय पाण्यात गारठून बोटं बारीक होतात, एरवी घट्ट बसणारी अंगठीही घरंगळते. माझं मत विचाराल तर पाण्यात त्याच घडणीची साधी अंगठी न्या आणि खरी बोटीवर, कोरड्या हाताने घाला. लाल खड्याची असेल तर आणखीच. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग शोषला जातो, पाच-सात मीटरवरच तो खडा काळपट तपकिरी दिसू लागेल. टॉर्च मारलात तर रंग परत येतो.

शंखशिंपले:
प्रशिक्षकाला आधीच विश्वासात घ्या, ही गोष्ट त्याच्यापासून लपवून चालणार नाही. ट्राय डाइव्हला कमाल मर्यादा १२ मीटर असते, पण तुम्हाला ५-६ मीटर पुरे. उजेड भरपूर, हवा कमी लागते. जागा वाळूची निवडा, जवळपास प्रवाळ नको. गुडघा टेकताना फिन (पायातलं वल्हं) प्रवाळावर आपटलं तर वर्षानुवर्षांची वाढ तुटते. वाळूवरही हळू टेका, नाहीतर गाळ उठून तिला तुमचा चेहराच दिसणार नाही. प्रवाह असेल तर तुम्ही दोघं असे बसा की उठलेला गाळ बाजूने निघून जाईल.

उतरल्या उतरल्या विचारू नका. तेव्हा तिचं सगळं लक्ष कानांकडे असेल. कानात दडे बसायच्या आधीच, दर मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायला लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर येऊन पुन्हा करायचं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. औषधाने नाक मोकळं करून उतरलं आणि असर खालीच ओसरला, तर वर येताना हवा अडकते. अगदी शेवटीही विचारू नका, तेव्हा हवा संपत आलेली असते. सिलिंडर २०० बारचा (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) असेल तर काटा १२० च्या आसपास असताना, तिचे बुडबुडे संथ लयीत येत असतील तेव्हा विचारा. वर येऊन ५० बार उरले पाहिजेत, आणि आनंदाने धाप लागली की हवा भराभर संपते.

प्रश्न स्लेटवर (पाण्याखाली लिहायच्या पाटीवर) आधीच ठळक अक्षरांत लिहून ठेवा आणि ती बाजू अंगाकडे वळवून न्या. खाली लिहायला बसलात तर ती अस्वस्थ होईल. आणि एक गोष्ट तिला बोटीवरच पक्की सांगून ठेवा: अंगठा वर म्हणजे 'वर चला', होकार नव्हे. तिने खुशीत अंगठा दाखवला तर प्रशिक्षक तिला सरळ वर घेऊन जाईल. होकाराला तर्जनी-अंगठ्याचं गोल कडं, किंवा नुसती मान हलवली तरी चालेल.

निळाशार:
फार उपयोगी. ती पटकन रडते, मास्कचं काय होईल? आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र) काढून एक चुंबन, फोटोपुरतं?

भरतीओहोटी:
फोटोचं आधी सांगतो: नाही. पहिल्या डाइव्हला रेग्युलेटर तोंडातच राहील. तो काढला की नवखा माणूस श्वास धरून ठेवतो. ५ मीटरवर भरलेला श्वास धरून पृष्ठभागावर आलं तर ती हवा दीडपट फुगते, फुप्फुस फाटू शकतं. आश्चर्याच्या धक्क्यातही हेच होतं: खोल श्वास घेतला जातो, तो तसाच धरला जातो आणि माणूस फुग्यासारखा वर जायला लागतो. म्हणून विचारण्याच्या क्षणी प्रशिक्षकाचा हात तिच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असलाच पाहिजे. चुंबन वर आल्यावर घ्या, दोघांच्या बीसीडीत पूर्ण हवा भरून. मास्क कपाळावर चढवू नका, लाटेने जातो, आणि कपाळावरचा मास्क बरेच जण अडचणीची खूण समजतात. गळ्यात उतरवा.

रडण्याने फारसं बिघडत नाही, हसण्याने बिघडतं. गाल वर चढले की मास्कच्या कडेखाली सुरकुती पडते आणि पाणी शिरतं. नाकात पाणी गेलं की नवख्याचा जीव घाबरा होतो. तेव्हा उतरण्याआधी कमरेइतक्या पाण्यात तिच्याकडून हे करून घ्या: मास्कची वरची कड बोटांनी दाबायची, नजर थोडी वर, नाकाने सावकाश श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. तिला हे सहज जमेपर्यंत खाली विचारण्याचा बेत पुढे ढकला. केस कडेखाली अडकले तरी मास्क गळतो, तेही बघा.

दर्यावर्दींशी एका बाबतीत मतभेद आहे. खरी-खोटी अंगठी बाजूला ठेवा, पोहता न येणाऱ्या मुलीला पहिल्याच डाइव्हला हा प्रश्न विचारूच नये असं मला वाटतं. त्याच दिवशी दुसरी डाइव्ह असेल तर तेव्हा विचारा. पहिलीत तिने कान, मास्क, श्वास सांभाळला की दुसरीत तिला आजूबाजूचे मासे दिसू लागतात, मग तुम्हीही दिसाल.

दोन्ही डाइव्ह सकाळीच घ्या, दुपारी बहुतेक ठिकाणी वारा वाढून समुद्र खवळतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, पण झोप आणणारी नको, आणि ती चालेल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. वैद्यकीय प्रश्नावली खरी भरा: दमा, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत लपवाछपवी नको. आदल्या रात्री मद्य टाळा. डाइव्हनंतर लगेच गरम पाण्याच्या टबात बसू नका, आधी भरपूर पाणी प्या. संध्याकाळी सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा विचित्र थकवा आला, तर 'दमले असेन' म्हणून झोपू देऊ नका. लगेच डाइव्ह सेंटरला कळवा. शुद्ध ऑक्सिजन आणि डॉक्टर, याच क्रमाने.