थापट्याचं हिरवं डोकं फोटोत काळंच येतंय: बदकांचे फोटो आणि एडिटिंगसाठी सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. गेले दोन हिवाळे मी पुण्याहून भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, जातेय. बहुतेक जण रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात, माझा जीव मात्र बदकांवर आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स ५५-२५० मिमी. गेल्या रविवारी कुंभारगावहून बोटीने निघालो आणि थापट्यांचा (पसरट चोचीची बदकं, इंग्रजीत शॉवेलर) चाळीस-पन्नासचा थवा मिळाला. इतका जवळून पहिल्यांदाच. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं तर नरांची डोकी काळी ठिक्कर आणि छाती पांढरीफटक, पिसांचा मागमूस नाही. शॅडोज (फोटोतले गडद भाग) वर नेल्या तर डोकं राखाडी दिसायला लागलं, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवलं तर पाणी जांभळट झालं. तीन रात्री त्याच फोटोंवर बसलेय.

लेन्स बदलू का? एडिटिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि नांदूर मधमेश्वरला गेले तर फरक पडेल का? प्लीज सविस्तर सांगा, फार मनापासून शिकायचंय.

पाणथळ
ताई, आधी दोन गोष्टी सांगा. फोटो किती वाजता काढले आणि सूर्य कुठे होता?

रानजाई
सव्वादहा ते साडेअकरा. सूर्य समोर, थोडा डावीकडे. पुण्याहून निघायलाच उशीर झाला होता.

पाणथळ
मग दुखणं तिथेच आहे, लेन्सचा काही दोष नाही.

थापट्याच्या डोक्याचा हिरवा हा पोपटाच्या हिरव्यासारखा नसतो. त्या पिसांच्या बारीक रचनेवरून प्रकाश ठरावीक कोनात परततो, म्हणून तो हिरवा चमकतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर हिरवा दिसतो, पक्ष्याने मान जरा वळवली की निळसर, जांभळट होतो, आणि सूर्य पक्ष्याच्या मागे गेला की काळा. सेन्सरपर्यंत हिरवा पोचलाच नाही, तर शॅडोज उचलून राखाडीच हाती लागणार. हे मनाला लावून घेऊ नका, त्या तीन रात्रींत कुणीही बसलं असतं तरी तेच झालं असतं.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासात ते नऊ एवढाच वेळ आपला. उजेड दिसायच्या आत किनाऱ्यावर हजर राहा. बोटीत बसण्यापूर्वीच नावाडीदादांना सांगा की थवा दिसला की वळसा घालून सूर्य आपल्या पाठीशी येईल असं न्या. ते रोज त्या पाण्यावर असतात, एकदा सांगितलं की बरोबर नेतात.

नऊ-साडेनऊनंतर दुसरी अडचण सुरू होते. पाण्यावरची हवा तापते आणि लांबचा पक्षी थरथरल्यासारखा मऊ येतो. लेन्स कितीही महागडी असली तरी ते सुटत नाही, आणि नंतर शार्पनिंग करून तर आणखी विचित्र दिसतं. उशिरा गेलात तर अगदी जवळच्या पक्ष्यांचेच फोटो काढा.

छातीचं म्हणाल तर गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरं जळतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ ठेवा, हायलाइट अलर्ट (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना) चालू करा, छाती लुकलुकली की अजून खाली उतरा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर अंधारलेलं बरंच परत मिळतं, जळालेलं पांढरं मिळत नाही. पोहणाऱ्या बदकाला १/१००० सेकंदाचा शटर स्पीड पुरतो, उडणाऱ्याला १/२५०० च्या पुढे जा, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल.

आणि खाली वाका. बोटीच्या टोकाला आडवं होऊन कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणला की मागचं पाणी विरघळतं आणि बदक आपल्या डोळ्याला डोळा भिडवतं. पट्टा गळ्यात हवाच.

अडई
लेन्सबद्दल: २५० मिमी बदकांना तोकडी पडते हे खरं. १५०-६०० सेकंड हँड बघा, पण तिचं वजन दोन किलोच्या आसपास असतं. बोटीत ती तासभर हातात धरायची तर बीन बॅग लागते. जुन्या पँटचा पाय शिवून त्यात तांदूळ भरा, झाली. माझं मत, हा हिवाळा आहे त्याच लेन्सवर काढा आणि सकाळी वेळेवर पोचा.

पाणथळ
नांदूर मधमेश्वरचं राहिलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. चापडगावच्या बाजूने मनोरे आहेत. तिथून बदकं भरपूर दिसतात, पण कोन वरचा मिळतो. उडत्या थव्यांना छान, एकट्या बदकाच्या जवळच्या फोटोला भिगवणची बोटच बरी.

अजून एक. नोव्हेंबरात काढलेले नर मळकट आले तर घाबरू नका. विणीनंतर बदकांची उडण्याची पिसं एकदम झडतात आणि त्या काळात नरही मादीसारखे दिसतात. थापट्या तर नटायला फार वेळ घेतो. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, तेव्हा त्याला बघा.

कच्चीफाइल
एडिटिंगचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त बदकं तिथेच बिघडतात.

सॉफ्टवेअर: पैसे खर्चायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि रॉसाठी दमदार आहे, फक्त शिकायला महिना जातो. लाइटरूम महिन्याच्या भाड्यावर मिळतं, हात लवकर बसतो. तत्त्व दोन्हीकडे सारखंच.

मी आधी क्रॉप करतो. बदक ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे जास्त पाणी सोडायचं, आणि प्रतिबिंब कापायचं नाही. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा पिवळा-निळा कल. सकाळचा सोनेरीपणा पूर्ण पुसू नका, तो त्या वेळेचा खरा रंग आहे. पण छातीची सावलीतली बाजू आकाशामुळे निळी पडते, तिथे ब्रशने फक्त निळा उतरवायचा. हायलाइट्स (उजळ भाग) उणे ३० ते ४०. डोक्यावर छोटा मास्क (तेवढाच निवडलेला भाग) घेऊन शॅडोज थोड्या वर, हिरवा जागा होईपर्यंतच. राखाडी झाक दिसली की मागे या.

सॅच्युरेशनचा मुख्य स्लायडर मी हातच लावत नाही. हळदी-कुंकू बदक आठवा: चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. सॅच्युरेशन वाढवलं की तो लाल सपाट डाग होतो, कुंकू लावल्यासारखा राहत नाही, रंगाचा थेंब सांडल्यासारखा दिसतो.

नॉइझ (फोटोतले दाणे) कमी करताना पाणी आणि पक्षी वेगळे करा. पाण्यावर भरपूर चालतं, पक्ष्यावर बेतानं. माझी परीक्षा तलवार बदकाच्या नरावर असते. त्याच्या कुशीवर केसाएवढ्या नागमोडी राखाडी रेघा असतात. १०० टक्के झूम करून बघा, त्या रेघा वितळून राखाडी रंग सपाट झाला की जास्त झालं. थापट्यासाठी चोचीची कड बघा, तिथे कंगव्यासारखे दात असतात, पाणी गाळून खायला. ते सुटे दिसले तर फोटो खरोखर शार्प आहे.

शार्पनिंगला लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा. पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. पाणी पूर्ण काळं होईपर्यंत ओढायचं.

शेवटी एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन वापरतात ती रंगपद्धत), नाहीतर मोबाइलवर रंग मेल्यासारखे दिसतात.

किनारा
छान माहिती. एक विचारते, थव्यामागे तरंगणारी थर्माकोलची प्लेट मी पुसून टाकते. हे चूक आहे का?

कच्चीफाइल
भिंतीवर लावायच्या फोटोतून मीही पुसतो. पण नोंद म्हणून कुठे देणार असाल तर क्रॉप आणि उजेड यापलीकडे जाऊ नका. भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून ओळखायच्या असतात. कॉन्ट्रास्ट ताणला की ते पट्टेच जातात आणि ओळख चुकते.

पाणथळ
मी प्लेट पुसत नाही. ती उजनीच्या पाण्यात होती, हे दिसायला हवं असं मला वाटतं.

आणि सगळ्यांना कळकळीची विनंती, उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवू नका, कुणाला उठवायला सांगूही नका. ती हजारो किलोमीटर उडून येतात आणि परतीच्या प्रवासाची चरबी इथेच साठवतात. माना ताठ झाल्या, सगळी एका दिशेने सरकू लागली, की आपण जवळ गेलोय. तिथेच थांबायचं. इंजिन बंद, बांबूने ढकलत, तिरपं तिरपं जायचं. थोड्या वेळाने ती पुन्हा चरायला लागतात आणि मग स्वतःहून जवळ येतात.

रानजाई
दोन रविवारांनंतर लिहितेय. पहाटे चारला निघालो, सव्वासातला पाण्यात होतो. सूर्य पाठीशी, इंजिन बंद. दादांनी बोट गाळात टेकवली आणि म्हणाले, आता गप्प बसा. वीस मिनिटं काहीच नाही, बोटं गारठली. मग एक थापट्या चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत सरळ आमच्याकडे आला. मान वळली आणि क्षणभर ते डोकं बाटलीच्या काचेसारखं हिरवं झालं. मी उणे १ ठेवलं होतं. छाती शाबूत आहे, चोचीचे दातही दिसतायत! डार्कटेबलमध्ये एकूण दहा मिनिटं लागली.

फक्त एकच अडलंय. रात्री लॅपटॉपवर नीट दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळपट आला. काय चुकतंय?

कच्चीफाइल
वा! मनापासून आनंद झाला. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण असेल. तो निम्म्यावर आणा, खोलीत दिवा लावून बसा आणि ४ बाय ६ ची एक चाचणी प्रिंट काढा. तिच्याशी ताडून बघत फोटोचा उजेड वाढवा, मगच मोठी काढायला द्या.