रविवारच्या वॅक्सिंगसाठी डबा कोणता आणायचा?

सी-४०३ वहिनी:
सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी माझ्या पुतणीच्या साखरपुड्याच्या निमित्ताने पार्लरच्या ताई आमच्या घरी येणार आहेत आणि आपल्या इमारतीतील आणखी पाच-सहा जणींनी त्याच वेळी वॅक्सिंग करून घेण्याची इच्छा दाखवली आहे. ‘वॅक्स तुमच्या पसंतीचे आणून ठेवा’ असे ताईंनी सांगितल्यामुळे मी काल महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेले. तिथे मध, चॉकलेट, कोरफड, हिरवे सफरचंद, हळद-चंदन अशा नावांचे इतके डबे मांडलेले होते की मी काहीही न घेता परत आले. पुतणीची त्वचा कोरडी आहे, माझी तेलकट आहे आणि धाकट्या जाऊबाईंच्या हातांवर मागच्या वेळी दोन दिवस पुरळ होते. सर्वांना चालेल असा एकच डबा मिळतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ए-३०१ ताई:
मी गेली दोन वर्षे चॉकलेट वॅक्सच वापरते. दुखते कमी आणि हात मऊ राहतात. तेच घ्यावे, असे मला वाटते.

बी-२०३ काकू:
ए-३०१ ताईंचा अनुभव खरा असणार, फक्त त्याचे श्रेय चॉकलेटला देऊ नये. राजारामपुरीत १८ वर्षे पार्लर चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेले नाव हे बहुतेक वेळा वासाचे आणि रंगाचे नाव असते. त्वचेला काय सोसेल हे डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे पहिल्या दोन-तीन घटकांत साखर, ग्लुकोज किंवा मध दिसला, तर ते साखरेचे वॅक्स समजावे. ते पाण्यात विरघळते, म्हणून ओल्या फडक्याने पुसले जाते. तिथे रोझिन, कोलोफोनी किंवा ग्लिसरिल रोझिनेट असे शब्द असतील, तर ते राळेचे वॅक्स आहे. चीड वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जी घट्ट राळ उरते, व्हायोलिनच्या गजाला घासतात तीच, ती तेल किंवा मेणाबरोबर वितळवून हे वॅक्स करतात. ते पाण्याने सुटत नाही, त्याला तेलच लागते. आपण ज्याला सरसकट ‘रिका’ म्हणतो ते याच जातीचे. रिका हे खरे तर एका इटालियन कंपनीचे नाव आहे, पण वनस्पती तुपाला जसे डालडा हे नाव पडले, तसे पार्लरमध्ये तेलाने निघणाऱ्या कोणत्याही वॅक्सला ते पडले आहे.

ए-३०१ ताईंना कमी दुखते त्याचे कारण बहुधा असे आहे की चॉकलेटच्या नावाने मिळणारी पुष्कळशी वॅक्स ही तेलात विरघळणाऱ्या, मलईसारख्या प्रकारातली असतात. ती साध्या मधाच्या वॅक्सपेक्षा पातळ थरात पसरतात आणि ओढल्यावर त्वचेवर तेलाचा हलका लेप ठेवून जातात. तेच गुण विनावासाच्या वॅक्समध्येही मिळतात, आणि जाऊबाईंसारख्या पुरळ उठणाऱ्या व्यक्तीला वास जितका कमी तितके बरे.

आता वहिनींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की पुतणीच्या कोरड्या त्वचेला तेलात विरघळणारे वॅक्स चांगले. कोरड्या, सुरकुतलेल्या कातडीवर साखरेचे वॅक्स जरा गार झाले की फार ओढते, आणि पट्टी काढल्यावर वर पांढरट कोंडा दिसू लागतो. तुमच्या तेलकट त्वचेला साखरेचे साधे वॅक्स पुरेसे आहे. मात्र त्याआधी हात-पाय साबणाने धुऊन, अगदी कोरडे पुसून, त्यावर टाल्कम पावडरचा नुसता हात फिरवावा लागेल, कारण तेल किंवा घाम मध्ये आला की वॅक्स केसाला धरतच नाही आणि मग पार्लरच्या ताई तीच जागा पुन्हा-पुन्हा ओढत बसतात. पावसाळ्यात आपल्याकडे ही अडचण दुप्पट होते. बाहेर आठ-आठ दिवस झड लागलेली असते, साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि झाकण उघडे राहिलेला डबा दुसऱ्या दिवशी काकवीसारखा पातळ झालेला असतो. डबा आणलात तर त्याचे झाकण घट्ट लावून ठेवा.

एकच डबा सर्वांना चालणार नाही, आणि खरे सांगायचे तर एका बाईच्या सर्व अंगालाही चालत नाही. पायाच्या नडगीची त्वचा कोरडी आणि जाड, काखेची पातळ आणि घामट, वरच्या ओठाची त्याहून नाजूक. हात-पायांसाठी पट्टीने ओढायचे वॅक्स ठीक आहे, पण ते केसाइतकेच त्वचेलाही चिकटते. काख आणि वरचा ओठ यांच्यासाठी कडक वॅक्स घ्यावे, जे मण्यांच्या किंवा वड्यांच्या रूपात मिळते. त्याला कापडी पट्टी लागत नाही. आधी तेलाचा एक थेंब चोळून त्यावर जाड थर द्यायचा, तो निवून घट्ट झाला की त्याचीच कड धरून काढायचा. ते केसाला आवळते आणि त्वचेला कमी धरते. परंतु कडक वॅक्समध्येही बहुधा राळच असते, हे विसरू नये. ते सौम्य आहे याचा अर्थ राळ न सोसणाऱ्या व्यक्तीला ते चालेल असा नाही.

ए-१०२ आजी:
काकूंनी साखरेच्या वॅक्सचे सांगितले म्हणून लिहिते. ज्या घरात पाकातले लाडू होतात, त्या घराने साखरेच्या वॅक्सचा डबा विकत आणावा याचे मला नवल वाटते. २ वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस आणि पाव वाटी पाणी एवढेच त्याला लागते. मंद आचेवर ठेवून एकतारी, दोनतारी असे सगळे टप्पे जाऊ द्यावेत आणि पाक मधाच्या रंगाचा झाला की थेंब गार पाण्यात टाकून पाहावा. त्याची मऊ गोळी वळली, म्हणजे गोळीबंद झाला, की लगेच उतरवावा. त्यापुढे गेला तर चिक्की होते, अलीकडे राहिला तर हाताला नुसता चिकटतो. लिंबू चवीसाठी नसते. आंबटामुळे साखर फुटते आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. लहान बाळाच्या अंगावरची लव आम्ही कणकेचा गोळा तेलात बुडवून फिरवत काढत असू, पण तो प्रकार मोठ्यांच्या केसांना काही उपयोगाचा नाही.

बी-२०३ काकू:
आजींचे माप अगदी बरोबर आहे, आणि हे वॅक्स जाऊबाईंना सर्वांत सोसेल असे मला वाटते, कारण त्यात राळही नाही आणि वासही नाही. दोन गोष्टी मात्र जोडते. उकळता पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो आणि तो अंगावर पडला तर चिकटून भाजत राहतो. म्हणून तो करताना मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय त्वचेला लावू नका. दुसरे असे की असा घट्ट गोळा हाताने लावायचा असेल, तर तो केसांच्या वाढीच्या उलट दिशेने पसरतात आणि वाढीच्या दिशेने झटक्यात काढतात. पट्टीच्या वॅक्सचे अगदी उलटे आहे. तिथे वाढीच्या दिशेने पातळ लावायचे, उलट दिशेने ओढायचे, आणि ओढताना पट्टी वर न उचलता त्वचेलगत मागे न्यायची. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली नाही तर काळेनिळे डाग पडतात, मग वॅक्स कितीही महाग असो.

डी-२०१ वहिनी:
मी थोडा वेगळा प्रश्न विचारते. माझा मुलगा शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणार आहे आणि त्याला छाती व पाठ वॅक्स करायची आहे. त्याचे केस फार राठ आहेत आणि पाठीवर पुटकुळ्या आहेत. त्याला कोणते चालेल?

बी-२०३ काकू:
राठ केसांना राळेचे वॅक्सच धरते, साखरेचे मध्येच तोडते. केस फार लांब असतील तर आधी कात्रीने साधारण १ सेंटिमीटर ठेवावेत. त्याहून लांब असले की विनाकारण दुखते, आणि ५ मिलिमीटरपेक्षा कमी असले की धरले जात नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र पहिल्यांदाच करू नये, कारण राठ केस मुळासकट निघाले की त्या जागी दोन दिवस लाल ठिपके दिसतात. पाठीचे उत्तर डॉक्टर वहिनींनी द्यावे. पुटकुळ्यांसाठी तो काही औषध घेतो का, हे आधी विचारावे लागेल, आणि हे विचारायला मी कशी शिकले ते सांगते. पार्लर सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षी एका मुलीच्या वरच्या ओठावर मी पट्टीचे वॅक्स लावले, काही केस राहिले म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा लावले, आणि दुसऱ्या पट्टीबरोबर नखाएवढे कातडे निघून आले. ती रोज रात्री मुरुमांचे मलम लावत होती. मी विचारले नव्हते, तिने सांगितले नव्हते, पण विचारणे हे माझे काम होते. तो तपकिरी डाग जायला कित्येक महिने लागले. तेव्हापासून एका जागी पट्टी एकदाच, राहिलेले केस चिमट्याने, असा माझा नियम आहे.

ए-५०४ डॉक्टर वहिनी:
त्वचारोगाची डॉक्टर म्हणून काकूंच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा देते. डी-२०१ वहिनी, मुलगा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल, तर गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर ६ महिने त्याने शरीराच्या कोणत्याही भागाचे वॅक्सिंग करू नये. त्वचा पातळ झालेली असते आणि पट्टीबरोबर सोलून निघू शकते. गोळ्या घेत नसला तरी पुटकुळ्या असलेल्या पाठीवर वॅक्स ओढल्याने त्या फुटतील आणि जंतुसंसर्ग पसरेल. त्या भागावर ट्रिमर फिरवणे हेच योग्य. ट्रेटिनॉइन, अडॅपलिन अशी मुरुमांची मलमे किंवा ग्लायकोलिक आम्लाची उत्पादने वापरणाऱ्या इतर सर्वांनी त्या जागेवर ती किमान ५ ते ७ दिवस आधी थांबवावीत. रविवारला आता तितके दिवस नाहीत, म्हणून अशा व्यक्तींनी यावेळी चेहरा वगळावा.

सी-४०३ वहिनी, तुमच्या जाऊबाईंना जखमेवरच्या चिकटपट्टीनेही खाज येते का, हे विचारा.

सी-४०३ वहिनी:
आत्ताच विचारले. मागच्या वर्षी हाताला लावलेल्या चिकटपट्टीखाली चौकोनी लाल चट्टा उठला होता, असे त्या म्हणतात. टिकलीनेही कपाळावर पांढरा डाग पडला होता.

ए-५०४ डॉक्टर वहिनी:
टिकलीचा गोंद वेगळ्या रसायनाचा असतो, त्यामुळे त्यावरून वॅक्सचा निष्कर्ष काढता येत नाही. चिकटपट्टीचा चट्टा मात्र महत्त्वाचा आहे, कारण अनेक चिकटपट्ट्यांत राळ असते आणि राळ ही ॲलर्जीच्या ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. अशी ॲलर्जी लगेच दिसत नाही; ती उठायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पार्लरमध्ये दहा मिनिटे थांबून ‘काही झाले नाही’ असे म्हणण्याला अर्थ नाही. आज गुरुवार आहे. सर्वांनी आज सकाळीच दंडाच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या जागेवर ते वॅक्स लावून, काढून, शनिवारपर्यंत जागा पाहावी. जाऊबाईंनी एका दंडावर राळेचे आणि दुसऱ्यावर आजींचे साखरेचे लावावे. जळजळ झाली तर लगेच धुऊन टाकावे.

मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांनी, गरम वॅक्सचा अंदाज स्वतःच्या पायावर घेऊ नये. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, पायांवर फुगलेल्या शिरा असतील तर त्यांवर वॅक्स लावू नये, आणि इसब, सोरायसिस किंवा उन्हाने भाजलेली जागा असेल तर तो भाग सोडून द्यावा. आपल्या सावळ्या त्वचेवर लालसरपणा ओसरला तरी मागे काळसर डाग राहतो, म्हणून नंतर काही दिवस उघड्या भागावर सनस्क्रीन लावावे. त्या दिवशी कढत पाण्याने स्नान, पोहायला जाणे, घट्ट कपडे आणि काखेत डिओडोरंट हे सगळे टाळावे. एखाद्या मुलीच्या हनुवटीवर अचानक राठ केस वाढू लागले असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर वॅक्सची चर्चा बाजूला ठेवून तिने तपासणी करून घ्यावी.

बी-२०३ काकू:
एक सूचना पार्लरच्या ताईंसाठी. वॅक्स लावायची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की ती पुन्हा डब्यात बुडवू नये. सहा-सात जणींसाठी अशा लाकडी पट्ट्या भरपूर आधीच आणून ठेवाव्यात. वॅक्स प्रत्येक वेळी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर वर कोमट आणि मध्ये उकळते राहते, म्हणून ढवळल्याशिवाय हात लावू नये.

सी-४०३ वहिनी (शनिवार):
सर्वांचे मनापासून आभार. पुतणीच्या दंडावर तेलात विरघळणाऱ्या वॅक्सची जागा पूर्ण स्वच्छ आहे, माझ्याही दंडावर साखरेच्या वॅक्सचा काही त्रास दिसत नाही. जाऊबाईंच्या राळेच्या बाजूला काल सकाळपर्यंत काहीच नव्हते, पण आज तिथे रुपयाएवढा लाल चट्टा आणि खाज आहे. साखरेची बाजू नितळ आहे. म्हणून पुतणीसाठी विनावासाचा तेलात विरघळणारा एक लहान डबा आणला आहे, काखेसाठी थोडे कडक वॅक्स घेतले आहे, आणि जाऊबाई व मी यांच्यासाठी आजींचा पाक. आजी, उद्या सकाळी नऊ वाजता आमच्याकडे येणे जमेल का? साखर आणि लिंबे आणून ठेवली आहेत.

ए-१०२ आजी:
येते. लिंबे दोन जास्तीची ठेवा, पहिला पाक पुढे गेला तर दुसरा लावता येईल. आणि पातेले जाड बुडाचे काढा.